नकार देणारा नायक

या निबंधपत्रिकेच्या पानांवर आजवर कादंबरी, कविता, नाटक आणि क्वचित चित्रपट यांचा परामर्श घेतला गेला. संगणकावरील खेळातील एका पात्राविषयी येथे लिहावे असे मनात आले, तेव्हा पहिला आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतला. खेळ तो खेळ. त्यात राक्षस मारायचे, गुण मिळवायचे आणि कंटाळा आला की उठायचे. त्याची समीक्षा ती काय करावयाची? परंतु घरातच एक प्रसंग असा घडला की, हा आक्षेप आम्हांला मागे घ्यावा लागला.

२०१५ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. टिळकवाडीतील आमच्या घरी निपाणीहून आमच्या थोरल्या भगिनी चार दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांना सारे घर अक्का म्हणते. आमची नात तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि मामेभावाकडून आणलेल्या संगणकावर रात्र रात्र काही खेळत असे. एके सकाळी ती डोळे सुजवून चहाला आली. दुपारी जेवली नाही. तिच्या आईने, आयांना येतात त्या सर्व शंका घेतल्या. खोदून खोदून विचारल्यावर कळले ते असे : खेळातील एक पुरुष, ज्याच्यावर नातीच्या नायिकेने प्रीती केली होती, तो तिला सोडून गेला होता. सारे घर हसले. आम्ही अंमळ अधिकच हसलो. हसल्या नाहीत त्या एकट्या अक्का. त्यांनी हातातील अडकित्ता खाली ठेवला आणि विचारले, "सांगून गेला, की न सांगता?"

"सांगून गेला," नात म्हणाली, "पण का ते नाही सांगितलं."

"मग वाईटच की गं," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा सुपारी कातरू लागल्या.

अक्कांचा हा प्रश्न मुरलेल्या वाचकाचा होता. त्यांच्या निपाणीच्या घरी, तंबाखूच्या वखारीमागच्या माडीवर, रणजित देसाई यांच्या 'स्वामी'ची एक जुनी प्रत आहे. १९६२ साली ही कादंबरी आली तेव्हा अक्कांचे नुकतेच लग्न झाले होते. देसाई चंदगड तालुक्यातील कोवाडचे. ताम्रपर्णीकाठचे ते गाव बेळगावपासून एवढे जवळ की, आमच्या भागात 'स्वामी'चा लेखक हा शेजारघरचा माणूस समजला जाई आणि १९६४ साली कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो आपल्याच घरात आला असे वाटले. अक्कांची ती प्रत आम्ही अनेकदा हाताळली आहे. तिची बरीचशी पाने मळलेली, कोपरे दुमडलेली, एके ठिकाणी हळदीचा डाग. शेवटची पाने मात्र कोरी करकरीत. अक्कांनी ती एकदाच वाचली. त्यानंतर पंचवीसएक वेळा त्यांनी 'स्वामी' वाचली असेल, पण थेऊरचे आजारपण वाढू लागले की पुस्तक मिटायचे आणि पुन्हा पहिल्या पानाकडे वळायचे. "तिथून पुढं मी जातच नाही बघ," असे त्यांनी आम्हांला एकदा सांगितले होते.

माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. हे 'स्वामी' हाती घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असते. इतिहासाच्या कागदपत्रांतून रमाबाईंची मूर्ती फारशी उभी राहत नाही. देसाईंनी ती कल्पनेने उभी केली आणि तिच्या डोळ्यांनी माधवराव दाखविले. दरबारात करडा, चुलत्याशी झुंजताना खचलेला, आणि अंतःपुरात शब्दांनी कमी व मौनाने अधिक बोलणारा असा हा पुरुष. इतिहासकारांनी यावर घेतलेले आक्षेप आम्हांला मान्य आहेत. माधवरावांच्या कारभाराला कादंबरीत मिळालेली जागा त्यांच्या हळवेपणापुढे कमी पडते, हेही खरे. परंतु मराठी घरांतील दोन पिढ्यांच्या स्त्रियांनी माधवरावांवर जो जीव लावला तो कारभारासाठी नव्हे. पुढे दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका आली, तेव्हा रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या चेहऱ्यांनी ही माया आणखी एका पिढीकडे पोहोचली. त्या काळी या मायेला कोणी वेड म्हटले नाही. तिला रसिकता म्हटले गेले.

मग नातीच्या सुजलेल्या डोळ्यांना आम्ही हसलो ते कशाच्या जोरावर?

ज्या खेळाविषयी हे चालले आहे त्याचे नाव 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन'. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या कंपनीने तो तयार केला आणि अमेरिकेत १८ नोव्हेंबर २०१४ रोजी तो विक्रीस आला. तारीख माधवरावांच्या निधनाचीच, हा निव्वळ योगायोग; अक्कांना मात्र सांगितल्यावर तो निव्वळ वाटला नाही. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून आमच्या गावाचे सरकारी नाव बेळगावचे बेळगावी झाले होते, हा दुसरा योगायोग. आम्ही ही दुसरी गोष्ट उगाच नोंदवीत नाही; पुढे तिचा संबंध येतो.

ज्या वाचकांनी असे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. येथे नायक किंवा नायिका खेळणाराच घडवितो. तिचा चेहरा, कुळ, स्वभाव त्याने ठरवायचा आणि प्रसंगी काय बोलायचे ते समोर आलेल्या तीन-चार पर्यायांतून निवडायचे. तिच्याबरोबर काही सोबती असतात. त्यांच्यापैकी काहींशी, योग्य वागणूक ठेवल्यास, प्रेम जुळते. खेळणारी मंडळी अशा पात्राला 'रोमान्सेबल' म्हणतात. शब्द कानाला बोचतो, पण त्याला आमच्याजवळ धड पर्याय नाही. हा प्रकार नवा नव्हे. जपानमध्ये १९९४ साली कोनामी कंपनीचा 'टोकिमेकी मेमोरियल' हा शाळकरी प्रेमाचा खेळ आला आणि त्याच वर्षी कोए कंपनीतील स्त्रियांच्या एका गटाने खास मुलींसाठी 'अँजेलिक' तयार केला. त्यानंतर अशा खेळांची जी पैदास झाली तिची मोजदाद आम्ही करीत नाही.

त्यातील बहुसंख्य खेळांत प्रेमाची खतावणी असते. २०१६ साली एरिक बॅरोन या तरुणाने एकट्याने तयार केलेला 'स्टारड्यू व्हॅली' घ्या. नातीने तो आम्हांला शिकविला आणि आम्ही तो गोडीने खेळलो, हे प्रांजळपणे सांगतो. शेती, मासेमारी, ऋतुचक्र सारे त्यात प्रसन्न आहे. गावात बारा अविवाहित तरुण-तरुणी आहेत आणि त्यांपैकी कोणाशीही लग्न करता येते. त्यासाठी आठवड्यातून दोनदा भेटवस्तू द्यावयाची. हेलीला सूर्यफूल आवडते, लीआला सॅलड, ॲबिगेलला भोपळा. भेट पसंत पडली की चित्रातील हृदये एकेक करून भरत जातात. आठ भरली की पुष्पगुच्छ द्यायचा, दहा भरली की पावसाच्या दिवशी समुद्रकाठच्या म्हाताऱ्याकडून पाच हजार मोहरांचे पदक विकत घ्यायचे आणि मागणी घालायची. नकार मिळतो तो हिशेब अपुरा असेल तेव्हाच. हिशेब पुरा झाल्यावर ती मुलगी नाही म्हणूच शकत नाही. देण्याघेण्याच्या याद्या करून लग्ने जुळविणाऱ्या आमच्या पिढीने याला फार हसू नये, हे खरे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत कसली? लीआवर आमचा जीव जडला नाही. तिला सॅलड देण्याची सवय जडली.

आता नातीचा सोलास. हा एक एल्फ जातीचा मांत्रिक. केस नसलेला, वयाचा अंदाज न येणारा, मृदुभाषी आणि थोडा अहंमन्य. त्याचे लेखन पॅट्रिक वीक्स यांनी केले, आवाज गॅरेथ डेव्हिड-लॉइड या वेल्श नटाने दिला. त्याच्या काही महत्त्वाच्या संवादांची घडण वीक्स यांनी लेनर्ड कोहेन यांच्या 'हालेलुया' या गीताच्या लयीवर केली आहे. ऐकताना ते चटकन ध्यानात येत नाही, फक्त कान वेधला जातो. सोलासची मर्जी भेटवस्तूंनी मिळत नाही. ती प्रश्न विचारल्याने मिळते. स्वप्नांविषयी, भूतकाळाविषयी, आत्म्यांविषयी जी नायिका कुतूहलाने विचारील आणि उत्तर पुरते ऐकून घेईल, तिच्याकडे तो झुकतो. आणि एल्फ स्त्रीखेरीज दुसऱ्या कोणाशीही त्याचे प्रेम जुळत नाही; खेळणाऱ्याने काहीही केले तरी नाही. हा पहिला नकार.

हे एल्फ कोण? एके काळी त्यांचे मोठे साम्राज्य होते. ते लयाला गेले. पुढे मिळालेली भूमीही हातची गेली. त्यांच्यापैकी जे शहरांत राहिले ते इतरांच्या आश्रयाने राहिले. जे रानोमाळ हिंडत राहिले त्यांनी जुन्या भाषेचे तुकडे, जुन्या देवांची नावे आणि एक चाल जपली. ती चाल म्हणजे वयात आल्यावर चेहऱ्यावर देवाच्या नावाने गोंदण काढून घेणे. नायिका अशाच एका टोळीतली. तिच्या कपाळावर, गालांवर हे गोंदण आहे आणि तेच तिचे भूषण आहे. सोलासला मात्र ती जुनी भाषा तुटक नव्हे, पुरी येते. ती कशी येते हे खेळाच्या अगदी अखेरीस उघड होते : तो त्या बुडालेल्या युगातलाच आहे, आणि त्या टोळ्या ज्याला कपटी लांडगा म्हणून शिव्या देतात तो देवही तोच आहे.

प्रीती पूर्णत्वास आली असे वाटते त्या घडीला सोलास नायिकेला चांदण्यातील एका निवांत जागी नेतो आणि तिला एक सत्य सांगतो. तिने अभिमानाने मिरविलेले गोंदण हे देवांच्या भक्तीची खूण नव्हते. जुन्या सरदारांनी आपल्या गुलामांच्या तोंडावर काढलेला तो डाग होता. तुझी इच्छा असेल तर मी तो पुसून टाकतो, असे तो म्हणतो. येथे खेळणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत : गोंदण पुसू द्यावे किंवा राहू द्यावे. आणि तिने काहीही निवडले तरी पुढच्याच क्षणी तो सांगतो की हे थांबले पाहिजे, आणि निघून जातो. त्याला अडविणारा पर्याय त्या पडद्यावर येत नाही.

आमच्या मते संगणकाच्या खेळातील प्रेमकथांत या प्रसंगाच्या तोडीचे फार थोडे आहे. निवड करण्याची मुभा हा ज्या कलाप्रकाराचा प्राण, त्यात निवडीचा काही उपयोग होणार नाही अशी एक जागा ठेवणे, हे लेखकाचे धैर्य. शेकडो तास जिने शब्द निवडले तिला येथे कळते की, समोरचा आपल्या शब्दांचा बनलेला नाही. तो कोणी वेगळा आहे. याच जाणिवेने नातीचे डोळे सुजले, आणि याच जाणिवेने अक्कांचे पुस्तक थेऊरपाशी मिटत आले.

बाकी खेळ निर्दोष आहे असे नव्हे. रानात वनस्पती खुडत आणि हरवलेली जनावरे शोधत घालवावे लागणारे तास कोणत्याही संपादकाने निम्म्यावर आणले असते.

आपल्याकडील साहित्यशास्त्राने या प्रकाराकडे कसे पाहिले असते? सकृद्दर्शनी नापसंतीने. भट्टनायकाचे साधारणीकरण सांगते की, रंगभूमीवरील शकुंतलेचे दुःख प्रेक्षकाला ना स्वतःचे वाटते, ना परक्याचे. ते कोणा एकाचे राहत नाही म्हणूनच आस्वाद्य होते. अभिनवगुप्ताने रसाची सात विघ्ने सांगितली. आपल्याच खासगी सुखदुःखात प्रेक्षक गुरफटून जाणे हे त्यांतले एक. खेळात तर सारेच 'माझे'. माझी नायिका, माझे शब्द, मला सोडून गेला. या कसोटीने नातीचे रडणे हे रसविघ्न ठरेल आणि अक्कांचे रसास्वाद. असा निवाडा आम्ही २०१५ साली मनाशी देऊनही टाकला होता.

तो टिकला नाही. नरसिंह चिंतामण केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपलेपण विसरत नाही, आणि या दुहेरीपणातच वाङ्मयानंद आहे, असा तिचा आशय. बालगंधर्वांच्या काळचे प्रेक्षक याचे उत्तम उदाहरण. १९११ साली 'मानापमाना'तील भामिनी आणि १९१९ साली 'एकच प्याल्या'तील सिंधू रंगमंचावर आली, तेव्हा ते नारायणराव राजहंस आहेत हे न ठाऊक असणारा एकही प्राणी थिएटरात नव्हता. तरी पुरुष भामिनीवर लुब्ध होत आणि घरंदाज स्त्रिया नारायणरावांच्या लुगडे नेसण्याच्या ढबीचे अनुकरण करीत. नातीच्या बाबतीत हा दुहेरीपणा अधिकच उघड होता. तिने आम्हांला तिच्या नायिकेविषयी सांगितले ते कधी 'मी' म्हणून, कधी 'ती' म्हणून. एकाच वाक्यात दोन्ही. "मी त्याला विचारलं, पण ती इतकी घाबरलेली होती ना, आजोबा." व्याकरणाची चूक म्हणून आम्ही हे वाक्य तेव्हा दुरुस्त केले. आज करणार नाही.

येथे तो दुसरा योगायोग. आम्ही नातीला विचारले, एवढ्या सोबत्यांतून हाच का? देखणे, हसतमुख, लढवय्ये तरुण त्या खेळात आहेत. ती म्हणाली, "तो तुमच्यासारखा आहे."

आम्ही थट्टेवारी नेले. तिने तिचे म्हणणे सोडले नाही. तो जुनी भाषा शुद्ध बोलतो आणि त्या मुलीची मोडकी भाषा ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते तुमच्या चेहऱ्यावर येते, असे ती म्हणाली. शाळेत कन्नड, शिकवणीत इंग्रजी आणि घरात मराठी अशी वाढलेली ही मुलगी 'मी कॉल करतो म्हणून सांगितलं होतं की' असे काही बोलली की आम्ही तिला थांबवीत असू, हे खरे आहे. पण तिचा मुद्दा याहून खोल होता. सोलासला गेलेले जग परत आणायचे आहे आणि त्यासाठी आज जे उभे आहे ते मोडायची त्याची तयारी आहे. ही मुलगी त्याला आवडते, तो तिच्याशी खोटे वागत नाही. फक्त त्याला ते गेलेले जग तिच्याहून अधिक प्रिय आहे. "तुम्ही माझ्याशी १९५६ च्या आधीच्या बेळगावातून बोलता," असे ती म्हणाली. सोळा-सतरा वर्षांच्या वयापासून ही गोष्ट तिच्या मनात असावी. ती सांगायला तिला एक टकलू मांत्रिक लागला.

वाचकहो, आपल्यातील कित्येकांची घरे या भागात पिढ्यान्पिढ्या आहेत, आणि पहिल्या नोव्हेंबरची तारीख आपल्या घरांत कशी पाळली जाते ते येथे सांगण्याची गरज नाही. आमच्या मनाला ते बोलणे लागले. प्रेमकथेतील पात्रावर जीव जडतो तो केवळ स्वप्नरंजनाने, ही आमची समजूत त्या दिवशी सैल झाली. मुलीने निवडलेला प्रियकर हा तिला आयुष्यात आढळलेल्या सर्वांत दुर्गम माणसांचा मिळून झालेला होता. आणि तिने गोंदण पुसले का, असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "नाही पुसलं. त्याचा अर्थ पूर्वी काही असो, आता ते माझं आहे." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

सुचले नाही म्हणून आम्ही कपाटातून प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' काढून तिच्या हाती दिले. बेळगाव परिसराच्या बोलीत प्रेम कसे बोलते ते लंपन आणि सुमी यांच्याकडून ऐक, हा हेतू. तिने चारही पुस्तके वाचली आणि सुमी तिला फार आवडली; पण २००३ साली संत गेले आणि लंपन कायमचा कोवळाच राहिला, याचे तिला वाईट वाटले. मोठे झाल्यावर ही दोघे काय बोलली असती, ते आपल्या बोलीत कोणी लिहिलेच नाही, असे ती म्हणाली. सोलास आपल्या प्रियेला जुन्या भाषेत 'व्हेनान' म्हणतो. शब्दाचा मूळ अर्थ हृदय. याला मराठीत काय म्हणाल, असे तिने विचारले. आम्ही 'प्रिये', 'हृदयेश्वरी' असे दोन-तीन शब्द काढले. ती इतकी हसली की, आमच्या २०१५ च्या हसण्याची परतफेड झाली. ज्यांच्या गावात इंदिरा संत आयुष्यभर कविता लिहीत राहिल्या, त्या आम्हांला घरातल्या घरात उच्चारता येईल असा एक शब्द सापडू नये, ही नामुष्की आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

२०१५ च्या सप्टेंबरात 'ट्रेसपासर' हा त्या खेळाचा पुरवणी भाग आला. त्यात सोलास पुन्हा भेटतो, आपण कोण ते सांगतो, का सोडून गेलो ते सांगतो. नायिकेच्या हातातील जादूची खूण तिचा जीव घेऊ पाहत असते. तिला वाचविण्यासाठी तो ती काढून घेतो, त्यात तिचा हात जातो, आणि तो पुन्हा निघून जातो. नायिकेला शेवटी एक निर्धार बोलून दाखविता येतो : तुला वाटेल ते करून थांबवीन, किंवा तुला या मार्गावरून परत आणीन. नातीने दुसरा निवडला. येथे कथा थांबली ती नऊ वर्षे. जगभरच्या खेळणाऱ्या मुलींनी या काळात सोलासची चित्रे काढली, त्याच्या पुढच्या कथा स्वतःच लिहिल्या. विरहाला एवढा अवकाश अलीकडच्या कोणत्या मराठी कादंबरीने दिला, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारून पाहिला. नातीने मध्यंतरी शिक्षण संपविले, बंगळुरास नोकरी धरली. तिच्या खोलीत त्या लांडग्याचे एक चित्र होते, एवढे आम्ही पाहिले होते.

३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, ऐन दिवाळीत, 'ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड' आला. यातील नायक निराळा आहे. जुन्या नायिकेचा चेहरा, तिचे प्रेम आणि तिचा निर्धार यांची नोंद खेळाच्या आरंभी करावयाची आणि मग नव्या नायकाच्या डोळ्यांनी खेळायचे. अखेरीस, काही अटी पुऱ्या झाल्या असतील तर, जुनी नायिका पुढे येते, सोलास आपला हट्ट सोडतो, जग वाचविण्यासाठी स्वतःला बांधून घेऊन स्वप्नांच्या तुरुंगात जायला निघतो, आणि ती त्याच्याबरोबर जाते.

आमचे मत आम्ही नातीला फोनवर सांगितले. लेखकांनी माघार घेतली. ज्याच्या नकारावर हे पात्र उभे होते, तोच त्यांनी काढून घेतला. २०१५ चा शेवट पूर्ण होता. हा ग्राहकाला दिलेला शेवट आहे. अक्कांनी थेऊरची पाने वाचली नाहीत तरी देसाईंनी ती लिहिली होती. उद्या कोणी अक्कांच्या सोयीसाठी माधवरावांना बरे करून दाखविले तर आपण त्याला साहित्य म्हणू का?

तिने शांतपणे ऐकून घेतले. तिचा युक्तिवाद दोन मुद्द्यांचा होता आणि पहिला मुद्दा आम्हांला मान्य करावा लागला. या खेपेस शब्द तिच्या हाती नव्हते. नायिका तिची, पण चालविणारी ती नव्हे; दहा वर्षे जिला 'मी' म्हटले तिला प्रथमच बाहेरून, परक्या डोळ्यांनी पाहावे लागले. "मी तिला काय बोल ते सांगू शकत नव्हते. तिचं ती बोलली." हे ऐकताना आम्हांला भट्टनायक आठवला. खेळाने नकळत 'माझे'पण सोडविले होते; दहा वर्षे उशिरा का होईना, खेळणारी प्रेक्षक झाली होती. दुसरा मुद्दा आम्हांला मान्य नाही. ती म्हणाली, नकार कायम ठेवणे सोपे असते, लेखकालाही आणि आजोबांनाही; अवघड असते ते बदलणे. हे वाक्य आयुष्यात खरे असेल. कलेत ते खरे ठरायला बदलाची किंमत पानावर दिसावी लागते, आणि दहा वर्षांचा अढळ सोलास शेवटच्या अर्ध्या तासात ज्या घाईने वितळतो त्यात ती आम्हांला दिसली नाही.

२०२५ च्या संक्रांतीला आम्ही सर्व निपाणीस गेलो होतो. नातीने लॅपटॉप आणला होता. तिने माडीवर अक्कांना शेवटचा भाग लावून दाखविला, इंग्रजी संवाद मध्ये मध्ये मराठीत सांगत. अक्का चष्मा सावरून पाहत होत्या. सोलासने तिला काय म्हणून हाक मारली, असे त्यांनी विचारले. नातीने क्षणभर विचार करून 'काळजा' असे सांगितले, आणि आम्ही दोन-तीन संस्कृत शब्द गिळले. मग ती दोघे त्या उजेडात चालत गेली आणि दिसेनाशी झाली. अक्का बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे ती गेली त्याच्यासंगं," त्या म्हणाल्या. "परत नाही यायची?"

"नाही."

"हात तुटका, मागं कोण नाही, आणि गेली. हे तर थेऊरच झालं की गं."

नात चमकली. कोणी मेलेले नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, तिथे फार वाईट आहे हे त्याने तिला आधी सांगितले होते, असे ती भराभर सांगू लागली. "ती स्वतःच्या पायांनी गेली, अक्का."

"रमाही आपल्याच पायांनी गेली म्हणतात," अक्का म्हणाल्या. "म्हणून तर मी वाचत नाही."

आम्ही या खेळावर वर्षभर विचार केला आणि ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. जो शेवट आम्ही फार गोड म्हणून नाकारला आणि नातीने हवासा म्हणून स्वीकारला, त्यात नायिकेच्या वाट्याला काय आले हे दोघांनीही पाहिले नव्हते. आमचे सारे लक्ष सोलासच्या नकाराकडे होते. ती नाही म्हणाली असती तर? नातीने सांगितले की तसे व्हायला आधीच, २०१५ सालीच, निराळा निर्धार निवडावा लागला असता. ती खेळाची जुनी नोंद तिच्याजवळ आहे. लॅपटॉप मिटून ती गच्चीवर गेली आणि अक्कांनी तिळगुळाचा डबा पुढे ओढला.